पर्यावरण की पैसा? आधी विचारा, कोळसा काढल्यावर खालच्या पोकळीचं काय करणार

प्रश्न असा आलाय. कळमेश्वर तालुक्यातल्या एका तरुणाच्या घरी सहा एकर संत्र्याची बाग आहे, दोन विहिरी आणि एक बोअर. गावाच्या खालून भूमिगत कोळसा खाण जाणार अशी चर्चा सुरू आहे. वडील म्हणतात विहिरी आटतील, बाग जाईल. काका म्हणतात, पोरं पुण्याला जाऊन पंधरा हजारांत राबतात, खाण आली तर गावातच पोट भरेल. रोज जेवताना वाद. त्याने विचारलंय, "पर्यावरणाचं नुकसान जास्त की आर्थिक फायदा जास्त? आणि आमच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

भाऊ, आधी मी कुठून बोलतोय ते सांगून टाकतो, म्हणजे माझं म्हणणं किती चाळून घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. एकतीस वर्षं कोळशात काढली, त्यातली बावीस जमिनीखाली. नागपुरातलं घर, मुलींची शिक्षणं, सगळं त्याच पगारावर झालं. त्यामुळे "कोळसा म्हणजे पाप" हे माझ्या तोंडून निघणार नाही. पण खचलेल्या वावरात शेतकऱ्यासोबत मान खाली घालून उभाही राहिलोय. म्हणून "काही होत नाही हो, खाण तर खाली आहे" हेही निघणार नाही.

तुमच्या घरातला वाद पर्यावरण विरुद्ध पैसा असा दिसतो, पण तो तसा नाहीच. वडीलसुद्धा पैशाबद्दलच बोलतायत, संत्र्याच्या पैशाबद्दल. एक पैसा बहार साधला तर दरवर्षी येणारा, दुसरा वीस-पंचवीस वर्षं महिन्याच्या महिन्याला येऊन मग बंद होणारा. आणि दोघांच्याही बोलण्यात न आलेला प्रश्न हा की कोळशाचा फायदा कोणाच्या खिशात जाणार आणि खड्डा कोणाच्या वावरात पडणार. भूमिगत खाणीच्या बाबतीत हे सगळं शेवटी एका निर्णयावर येऊन टेकतं: कोळसा काढून झाल्यावर खाली जी पोकळी उरते, तिचं काय करणार? ती तशीच पडू देणार, भरणार, की मुळात मोठी होऊच देणार नाही? माझ्या अनुभवात लोक सुनावणीला जातात, झाडं, धूळ, नोकऱ्या यावर तासभर तावातावाने बोलतात, आणि हा एक प्रश्न विचारायचा राहून जातो.

आता खाली नेमकं काय होतं ते समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणी बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. कोळशाच्या थरात उभ्या-आडव्या गल्ल्या काढायच्या, शहराच्या रस्त्यांसारख्या, आणि मध्ये चौकोनी खांब सोडायचे. नियमाप्रमाणे गल्ली ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच करता येत नाही. ही झाली पहिली फेरी, आम्ही तिला डेव्हलपमेंट म्हणतो. यात थरातला साधारण पंचवीस-तीस टक्केच कोळसा निघतो, बाकीचा खांबांत अडकून राहतो. या टप्प्यापर्यंत वरच्या जमिनीला सहसा काही कळतसुद्धा नाही.

खेळ सुरू होतो दुसऱ्या फेरीत, डीपिलरिंगमध्ये. म्हणजे मागे सरकत सरकत तेच खांब काढत यायचं आणि मागचं छत पडू द्यायचं. पडलेल्या त्या भागाला आम्ही गोफ म्हणतो. छत पडायच्या आधी बोलतं. आधी बारीक कटकट, मग टेकूचं लाकूड करकरतं, मग खडे गळायला लागतात. जुने मायनिंग सरदार, म्हणजे खालचे मुकादम, तो आवाज ऐकून सांगायचे की अजून एक शिफ्ट मिळेल की आत्ताच बाहेर पडायचं. आपल्या भागात कोळशावर कडक वालुकाश्म असेल तर ते लवकर पडत नाही, मोठ्या क्षेत्रावर लटकून राहतं आणि एकदम खाली येतं, आणि दाबलेल्या हवेचा झोत माणसाला उचलून फेकू शकतो. ते आमचं दुखणं. तुमचं दुखणं त्याच्या वर.

छत पडलं की भेगा वर चढत जातात. ढोबळ हिशेब असा की काढलेल्या जाडीच्या तीस-चाळीस पट उंचीपर्यंत खडक तडकलेला मिळतो. तीन मीटर कोळसा काढला तर नव्वद-शंभर मीटर, कधी एकशे वीस. त्याच्या वरचा खडक बहुधा तुटत नाही, वाकतो. आणि अगदी वर, जमिनीला, पुन्हा काही मीटर खोल भेगा पडू शकतात, कारण खचलेल्या भागाच्या मधला भाग सरळ खाली बसतो आणि कडा ताणल्या जातात. घराच्या भिंती, विहिरीचं बांधकाम, पाइपलाइन फुटते ती बहुतेक या कडांवर, मधोमध नाही. जमीन बसते किती? एका वेळी काढायला घेतलेल्या कोळशाच्या तुकड्याला पॅनेल म्हणतात. पॅनेल रुंद आणि खोली कमी असेल तर काढलेल्या जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त. पॅनेल अरुंद आणि खोली भरपूर असेल तर वरून ओळखूही येणार नाही. म्हणून "भूमिगत खाणीने जमीन खचते का?" याला एका शब्दात उत्तर नाही. खोली, पॅनेलची रुंदी आणि जाडी, हे तीन आकडे द्या, मग बोलू.

आता तुमचं पाणी. कळमेश्वरच्या बाजूला वर काळा दगड आहे, बेसाल्ट. त्याच्या वरच्या झिजलेल्या, मुरमाड भागात तुमच्या चाळीस-पन्नास फुटी विहिरी उभ्या आहेत. त्याखाली कामठी वालुकाश्म. हे नाव आपल्या कामठीवरूनच पडलं, जगभरचे भूगर्भतज्ज्ञ ते वापरतात. हा दगड पाणी धरतो, भरपूर धरतो. कोळसा त्याच्याही खाली, बराकर थरांत. खाण चालवायची म्हणजे खाली झिरपणारं पाणी चोवीस तास उपसत राहायचं. तेव्हा पहिल्यांदा मार बसतो तो वालुकाश्मात गेलेल्या खोल बोअरला. तुमची उथळ विहीर वेगळ्या थरातलं पाणी पिते, मध्ये चिकणमातीचा किंवा घट्ट दगडाचा पडदा असेल तर ती टिकूही शकते. पण खालच्या भेगांनी तो पडदा फाडला, किंवा वरच्या ताणाच्या भेगा विहिरीतूनच गेल्या, तर तीही गेली.

म्हणजे वडील म्हणतात त्या "विहिरी आटतील" या वाक्यात दोन वेगळ्या भीती आहेत. बोअरची भीती जवळजवळ नक्की खरी. विहिरीची भीती खोलीवर आणि पद्धतीवर अवलंबून.

आणखी एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. खाणीच्या आधी कोळसा शोधायला जी भोकं पाडतात, ती नंतर सिमेंटने बंद करायची असतात. प्रत्येक वेळी नीट होत नाहीत. एका गल्लीत काम चालू असताना छतातून मनगटाएवढी स्वच्छ, गार धार सुरू झाली. आमचा ओव्हरमन, म्हणजे सरदारांच्या वरचा पर्यवेक्षक, हात धुऊन म्हणाला, "साहेब, हे खाणीचं पाणी नाही, हे प्यायचं पाणी आहे." जुनं बोअर होतं, नीट बुजवलेलं नव्हतं, आणि कोणाच्या तरी विहिरीचा थर आमच्या पंपात येत होता. तेव्हा तुमच्या गावात आतापर्यंत किती भोकं पाडली आणि त्यातली किती, कशाने बुजवली, ही यादी लेखी मागा.

पाण्याची एक उलटी बाजूही आहे, ती लपवत नाही. उपसलेलं पाणी कुठल्या तरी नाल्यात सोडतात. वरच्या गावाचे बोअर खाली जातात आणि खालच्या गावाचा नाला मे महिन्यातही वाहतो. त्या गावाला विचाराल तर ते म्हणतील खाण हवीच, आम्ही उन्हाळी भुईमूग घेतो तिच्यामुळे. पाटणसावंगीला वेस्टर्न कोलफिल्ड्सने, आपल्या वेकोलिने, खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरून दाखवलं. तेव्हा हे पाणी म्हणजे विषच असं समजू नका. क्षार आणि सल्फेट तपासून घेतलं तर पिकाला चालू शकतं. पण खाण बंद झाली, पंप थांबले की त्या नाल्याचं पाणीही थांबतं. आणि खाली भरत जाणारं जुनं खाणकाम शेजारच्या चालू खाणीसाठी टाइमबॉम्ब होतं. २७ डिसेंबर १९७५ ला झारखंडच्या चासनाल्यात असंच साचलेलं पाणी फुटून ३७५ माणसं गेली. त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरात, आपल्या सिल्लेवाड्याच्या खाणीत पाणी घुसून दहा जण गेले होते. साचलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, हा नियम आम्हाला पाठ असतो तो यासाठी.

आता त्या वावरातली गोष्ट. खाणीचं नाव घेत नाही, नागपूरपासून फार लांब नाही. डीपिलरिंग होऊन चारेक महिने झाले होते. एका शेतकऱ्याची तक्रार आली म्हणून आम्ही गेलो. गव्हाला पाणी सोडलं होतं. दांडाने पाणी वीस-पंचवीस पावलं यायचं आणि तिथेच जिरायचं. भोवरा नाही, काही नाही, नुसता बारीक गुडगुड आवाज. वाकून पाहिलं तर बोटभर रुंदीची भेग. त्याने धुऱ्यावरची वाळलेली पऱ्हाटी उपटून आत घातली, ती मुठीपर्यंत गेली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, दोन घंट्यापासून मोटर चालू हाय. तुमची खाण भरून राह्यलो का मी?"

हसू आलं नाही. आम्ही मोजमाप घेतलं, कागद झाले. मग पावसाळा आला, काळी माती फुगली, भेग वरून बंद झाली. दिवाळीनंतर पंचनाम्याला आलेल्या माणसाने लिहिलं, "पाहणीवेळी भेग आढळली नाही." त्या माणसाच्या विहिरीचं पाणी पाच-सहा हात खाली गेलं होतं असं तो म्हणायचा, आणि मला ते खरं वाटतं. पण खाण सुरू व्हायच्या आधी विहिरीत पाणी किती होतं याची एकही नोंद कोणाकडे नव्हती, ना त्याच्याकडे, ना आमच्याकडे. एका हंगामाच्या गव्हाची भरपाई मिळाली. विहिरीचं काही नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो: खाण यायच्या आधीची नोंद हेच तुमचं हत्यार.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग खांब काढूच नका, तसेच सोडा. होतं असंही. रेल्वे, नदी, गावठाण यांच्या खाली खांब सोडावेच लागतात. पण कंपनीला ते का नको असतं ते आकड्यांत बघा. एक एकर जमिनीखाली तीन मीटर जाडीचा थर म्हणजे साधारण साडेसतरा हजार टन कोळसा. खांब सोडले तर त्यातला पाचेक हजार टन निघेल. खांबही काढले तर दहा-साडेदहा हजार. भाव समजायला सोपा म्हणून टनाला २००० रुपये धरा. खांब सोडून एक कोटी, खांब काढून दोन कोटी दहा लाख, एका एकराखालून. फरक एक कोटी दहा लाखांचा. तुमची विहीर या रकमेच्या विरुद्ध पारड्यात बसली आहे. कोण हरामखोर आहे म्हणून विहीर जात नाही, या हिशेबामुळे जाते.

आता याच दोन कोटी दहा लाखांतून कोणाला काय मिळतं? कोळशावर १४ टक्के रॉयल्टी आहे, म्हणजे साडेएकोणतीस लाखांच्या आसपास, ती राज्य सरकारला. लिलावातली खाण असेल तर रॉयल्टीच्या दहा टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, म्हणजे तीनेक लाख. हा पैसा खाणबाधित गावांसाठीच असतो. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतलं क्षेत्र थेट बाधित धरतात आणि निधीचा ७० टक्के भाग पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्च करायचा असतो. शिवाय लिलावात कबूल केलेला महसुली हिस्सा राज्याला. बाकी मजुरी, यंत्रं, वाहतूक, कंपनीचा नफा.

आणि वरच्या जमिनीच्या मालकाला? इथे काकांना जरा थांबवा. खुल्या खाणीत जमीन विकत घ्यावीच लागते. कोल इंडियाच्या कंपन्यांमध्ये दोन एकरांमागे एक नोकरी ही पद्धत त्यातून आली. भूमिगत खाणीला पृष्ठभागावर फक्त थोडी जागा लागते: इन्क्लाइनचं, म्हणजे खाली उतरणाऱ्या तिरक्या बोगद्याचं, तोंड, पंखा, ऑफिस, कोळशाचा साठा, रस्ता. बाकी शेकडो हेक्टरवर जमीन तुमचीच राहते, खालून काम करायचा हक्क मात्र त्यांना मिळतो. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यातही जमीन न घेता नुसते हक्क घ्यायची सोय आहे. ऐकायला छान वाटतं, जमीन जात नाही. पण जमीन जात नाही म्हणजे जमिनीच्या बदल्यातली नोकरी आणि मोबदलाही तसा येत नाही. नुकसान झालं तर भरपाई, आणि नुकसान सिद्ध करायचं तुम्ही. तुमची बाग इन्क्लाइनच्या तोंडाशी आहे की पॅनेलच्या वर, यावर काकांचं अख्खं गणित फिरतं.

नोकऱ्यांचं खरं सांगतो. मी लागलो तेव्हा एका शिफ्टला चारशे माणसं खाली उतरायची, टोपल्यांनी टबात कोळसा भरायची. आता नव्या खाणीत कंटिन्युअस मायनर नावाचं यंत्र कोळसा कापतं आणि मूठभर माणसं ते चालवतात. ते चांगलंच आहे, माणसं कमी मरतात. पण गावच्या पोराला मग ड्रायव्हर, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, तेही ठेकेदाराकडे. खालच्या पक्क्या जागांना खाण सुरक्षा महासंचालनालयाची, डीजीएमएसची, सर्टिफिकेटं लागतात: गॅस टेस्टिंग, मायनिंग सरदार, ओव्हरमन. खाण मंजूर होऊन कोळसा निघेपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात. तेवढ्यात गावची दहा पोरं मायनिंग डिप्लोमा आणि सर्टिफिकेटं घेऊन तयार झाली तर गोष्ट वेगळी. नाहीतर ते लोक बाहेरून येतील आणि तुमच्या गावात भाड्याने राहतील.

आणि ही नोकरी किती दिवसांची? एकदा छिंदवाड्याकडे जा, परासिया, जुन्नारदेवच्या बाजारात चहा प्या. पेंच-कन्हानच्या त्या पट्ट्यात भूमिगत खाणी एकामागून एक बंद झाल्या. कोळसा संपला म्हणूनच नाही, परवडेना म्हणूनही. देशाचा कोळसा २०२४-२५ मध्ये शंभर कोटी टनांच्या वर गेला, पण त्यातला भूमिगत खाणींचा वाटा तीन-चार टक्केच. २०३० पर्यंत १० कोटी टन भूमिगत कोळसा काढायचं उद्दिष्ट सरकारने ठेवलंय, २०२५ मध्ये त्यासाठी महसुली हिश्शाची किमान मर्यादा ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणली. सवलत द्यावी लागते याचा अर्थ धंदा अवघड आहे. सौर वीज स्वस्त होत गेली तर पहिल्यांदा महाग कोळशाची खाण बंद पडेल, आणि भूमिगत कोळसा सहसा महागच. काकांनी पंचवीस वर्षांचा हिशेब धरला असेल तर पंधराचाही करून बघावा.

मग सरकार भूमिगत खाणीच्या मागे का? कारण दुसरा पर्याय खुली खाण, आणि ती बघितली असेल तर सांगायला नको. गोंडेगाव, उमरेडकडे गेलात की मातीचे डोंगर दिसतात. एक टन कोळशासाठी चार-पाच घनमीटर, कधी त्याहून जास्त माती-दगड उपसायचा. वावर, झाड, नाला, गाव, काहीच उरत नाही. त्याच्या तुलनेत भूमिगत खाण हजार पटींनी सभ्य. पर्यावरणवाल्यांनी आणि आम्ही खाणवाल्यांनी यावर भांडायचं कारण नाही. पण तुलना खुल्या खाणीशी करायची की नसलेल्या खाणीशी, हे तुमच्या गावापुरतं वेगळं ठरतं. तुमच्याकडे कोळसा इतका खोल असेल की खुली खाण होऊच शकत नाही, तर "खुलीपेक्षा बरी" हा युक्तिवाद तुम्हाला कोणी ऐकवू नये.

हवामानाचं थोडक्यात. एका युनिट विजेला साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. तुमची खाण झाली नाही म्हणून कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या थांबणार नाहीत, कोळसा दुसरीकडून रेकने येईल. त्यामुळे तुमच्या बागेने जगाच्या तापमानाचं ओझं एकटीने उचलावं असं मला वाटत नाही. मिथेनचं मात्र विचारा. आपल्या भागातल्या बहुतेक खाणी पहिल्या दर्जाच्या गॅसी, म्हणजे टनामागे एक घनमीटर किंवा त्याहून कमी गॅस. तो पंख्यातून बाहेर जातो. हवामानाच्या दृष्टीने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट वाईट, पण इथे प्रमाण कमी आहे.

धुळीचं मात्र मी गंभीरपणे घेतो. खाण भूमिगत असली तरी ट्रक जमिनीवरूनच जाणार. मी पाहिलेल्या गावांत लोकांना रोज सतावणारी गोष्ट जमीन खचणं नव्हती, ट्रक होते. रस्त्याकडेच्या संत्र्याच्या पानावरून बोट फिरवलं की बोट काळं, आणि आंबिया बहाराच्या फुलोऱ्यावर ती काजळी बसली की काय होतं ते तुमचे वडील मला शिकवतील. बंद कन्व्हेयर किंवा रेल्वे सायडिंग असेल तर अर्धा त्रास कमी. "ताडपत्री टाकू आणि पाणी मारू" असं लिहिलेलं असेल तर ते वाचून सोडून द्या.

आता परत त्या पोकळीकडे येतो. खांब काढायचेच असतील तर पोकळी भरता येते. जुनी पद्धत वाळूची: पाण्यासोबत वाळू पाइपने खाली सोडायची, पाणी झिरपून परत पंपाने वर. भरल्यावर जमीन बसते, पण फार थोडी, आणि भेगा वर चढत नाहीत. अडचण ही की एक टन कोळशामागे पाऊण घनमीटरच्या आसपास पोकळी होते, आणि तेवढी वाळू कन्हान नदीतून आणायची म्हणजे एक विहीर वाचवायला नदी खरवडायची. पण आज नागपूरजवळ दोन चांगले पर्याय आहेत. वेकोलि खुल्या खाणीच्या मातीतून वाळू वेगळी काढते, भानेगाव, गोंडेगावला ते झालंय. आणि कोराडी-खापरखेड्याची राख. ती पूर्ण वापरलीच पाहिजे असा केंद्राचा २०२१ चा नियम आहे आणि वीजकेंद्रांना ती टाकायला जागा नाही. राखेतले जड धातू पाण्यात उतरतात का, याची चाचणी आधी हवी, विशेषतः वालुकाश्माखाली भरताना. तुमच्या गावापुरता मी वाळूला पहिली पसंती देईन, राखेला चाचणीनंतर. खर्च वाढतो, काम मंदावतं, म्हणून कंपनी स्वतःहून हे सुचवणार नाही. तुम्हालाच विचारावं लागेल.

"तुमच्या जागी असता तर?" याचं उत्तर. बागेखाली खोली शंभर-सव्वाशे मीटरच्या आत असेल आणि योजना छत पाडून खांब काढायची असेल, तर मी विरोध करीन, सरळ, आणि नोकरीचं आश्वासन दिलं तरी बदलणार नाही. खोली दोन-अडीचशे मीटर असेल, बागांखाली आणि गावठाणाखाली खांब सोडायचं किंवा पोकळी भरायचं लेखी असेल, तर मी वडिलांना समजावायचा प्रयत्न करीन. मधल्या खोलीत भांडण पॅनेलच्या रुंदीवर. पण बोअर जाणार हे धरून चालीन आणि त्याच्या बदल्यात पाइपने पाणी, फुकट, खाण असेपर्यंत आणि बंद झाल्यावरही काही वर्षं, असं मंजुरीच्या अटीत लिहून मागीन.

हे मागायची जागा म्हणजे जनसुनावणी. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, किमान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो. २०२३ मध्ये तुमच्याच तालुक्यातल्या गोंडखैरीच्या भूमिगत खाणीची सुनावणी झाली, लोकांनी जोरदार विरोध केला, हे तुम्हाला माहीत असेलच. विरोध करायला माझी ना नाही. फक्त मराठी सारांशावर थांबू नका. त्यात पाण्याचा परिणाम एका परिच्छेदात उरकलेला असतो. मूळ अहवालातली जमीन बसण्याचा अंदाज सांगणारी प्रकरणं आणि नकाशे मागा. न समजल्यास आपल्या शहरात समजावणारे कमी नाहीत. पर्यावरण संशोधन करणारी नीरी इथे, कोल इंडियाच्या खाणींचं नियोजन करणाऱ्या सीएमपीडीआयची शाखा इथे, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत खाणकामाचा विभाग आहे. अख्ख्या देशातल्या कोळशाचा अर्धा शहाणपणा या एका शहरात भरलाय, तरी कळमेश्वरचा माणूस माझ्यासारख्या म्हाताऱ्याला विचारतोय, ही आपली गंमत.

आणि सुनावणीची वाट न बघता या आठवड्यात एक काम सुरू करा. दोन्ही विहिरींत दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजा, मोटर बंद करून किमान आठ तासांनी. पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या दिवशी. वहीत तारीख, खोली, आणि त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या एका माणसाची सही. बोअरला किती वेळ मोटर चालली की पाणी तुटतं, तो वेळ लिहा. गावातल्या आणखी वीस-पंचवीस विहिरींचं असंच झालं आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, भूजल सर्वेक्षण यंत्रणेला पत्र देऊन त्यांच्याकडून मोजून घेतलं, तर पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला "आढळली नाही" लिहिणं जड जाईल. घरांच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा, जुन्या तड्यांचेही, म्हणजे नव्या तड्यांवर वाद होणार नाही.

अहवाल हाती आला की पॅनेलचा नकाशा आणि खोलीचा तक्ता, या दोन पानांचे फोटो मला पाठवा. तुमचा गट नंबर त्यावर पेन्सिलने खूण करून पाठवलात तर बाग खचणाऱ्या भागाच्या मधोमध पडते की कडेवर, ते सांगतो. कडेवर पडत असेल तर पाइपलाइन आत्ताच सिमेंटची टाकू नका, लवचिक पाइप वापरा.